मलेरियाच्या १४ दिवसांच्या गोळ्या: ताप गेला तरी घ्यायच्याच का?

पागोळी

धाकट्या भावाला मलेरिया झालाय. रिपोर्टमध्ये प्लाझमोडियम व्हायवॅक्स असं आलंय. डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्विन दिलं, ते झालं. ताप उतरला, जेवायलाही लागला. आता रोज एक प्रायमाक्विन, १४ दिवस घ्यायची आहे. पहिली गोळी अजून घेतलेली नाही, कारण घरात त्यावरून तीन पक्ष पडलेत.

आईचं म्हणणं, एवढ्या गोळ्या गरम पडतील, आधीच पोरगा वाळलाय. मामांचं म्हणणं, शेजारच्या मुलाला मलेरियात ही गोळी एकच दिवस दिली होती, मग याला चौदा दिवस कशाला, डॉक्टर लुटतात. आणि ज्याला घ्यायच्यात तो म्हणतो, ताप नाही तर गोळी कसली. त्यातून पुढच्या आठवड्यात गणपतीला गावी निघायचंय.

आणखी एक. आमच्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने विचारलं, "जी-सिक्स-पीडी केली का?" डॉक्टरांच्या चिठ्ठीत तसलं काही नाही. ही काय भानगड आहे? आणि त्याला ॲसिडिटी आहे, पातळ अँटासिडची बाटली कायम उशाशी असते. चालेल का?

डबलडेकर

घ्यायच्याच. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या माणसाने तीन दिवसांवर भागवलं होतं. जुलैत ताप, ऑक्टोबरात परत तोच थंडी वाजून ताप. म्हणे, "आमच्या सोसायटीत मच्छरच फार."

चिंचपोकळी_फास्ट

पण परत मच्छर चावला असेल तर? मुंबईत पावसाळ्यात दोनदा होणं काही अशक्य नाही. सगळा दोष न घेतलेल्या गोळ्यांच्या माथी कशाला?

डॉ_ओपीडी

मी फिजिशियन आहे, पण तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही. तेव्हा हे वाचून डोस बदलू नका. प्रश्न घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा.

फास्ट यांचा मुद्दा बरोबर आहे. एकट्या रुग्णात हा ताप नव्या डासाचा की जुन्या जंतूचा, हे ठामपणे सांगता येत नाही. पण व्हायवॅक्सचा स्वभाव ठरलेला आहे. डास चावल्यावर हा जंतू आधी यकृतात जातो. काही जंतू तिथून रक्तात उतरतात, आपण त्यालाच मलेरियाचा ताप म्हणतो. काही मात्र यकृतातच झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं, म्हणून दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. झोपलेल्यांना त्याचा धक्काही लागत नाही. ते काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी उठतात आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. प्रायमाक्विन आहे ते या यकृतातल्यांसाठी. औषध १९५२ पासून वापरात आहे, काही नवं खूळ नाही.

म्हणजे तापाचा आणि या गोळीचा संबंधच नाही. ताप नसतानाच ती घ्यायची असते.

मामांच्या शेजाऱ्याला बहुतेक फाल्सिपॅरम, म्हणजे दुसऱ्या जातीचा मलेरिया असणार. त्यात जंतू यकृतात असे झोपून राहत नाहीत. तिथे मुख्य औषध वेगळं असतं आणि प्रायमाक्विनचा एकच डोस देतात, तोही रुग्णाकडून डासात आणि डासातून दुसऱ्याला पसरू नये म्हणून. औषधाचं नाव एक, काम दोन. मामांना सांगा, लुटायचं असतं तर इतकी स्वस्त गोळी कुणी लिहिली नसती. पालिकेच्या दवाखान्यात तर ती फुकट मिळते.

आता जी-सिक्स-पीडी. मेडिकलवाल्याने विचारलं ते योग्यच विचारलं. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं या नावाचं एक एन्झाइम असतं, ते काही लोकांत जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना पत्ताही नसतो. प्रायमाक्विन पोटात गेलं की अशा माणसाच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. ही कमतरता पुरुषांत जास्त दिसते, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पहिली गोळी घेतलेली नाही हे बरंच झालं. फोन करून डॉक्टरांना विचारा, "टेस्ट करून मग सुरू करू का?" साधी रक्ताची तपासणी आहे. तेवढ्यासाठी एक-दोन दिवस थांबायला ते नाही म्हणतील असं वाटत नाही.

निमशहरी

टेस्टबद्दल लिहितो, कारण आमच्या घरात झालंय. पुतण्या, वय वीसच्या आसपास, दणकट पोरगा, फुटबॉल खेळणारा. प्रायमाक्विन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. घरचे म्हणाले, पाणी कमी पितोस. संध्याकाळी जिना चढताना धाप लागली, डोळे पिवळे दिसले, तेव्हा धावपळ झाली. हिमोग्लोबिन बरंच खाली आलं होतं. गोळी बंद केली, ॲडमिट केलं, रक्त द्यावं लागलं. निभावलं.

गंमत पुढे आहे. ॲडमिट असतानाच जी-सिक्स-पीडी केली तर रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल! आम्ही म्हटलं, मग हे झालं कशाने? तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कमतरता असलेल्या जुन्या पेशी आधी फुटून जातात, उरतात त्या कोवळ्या, आणि कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. त्यामुळे त्या वेळचा रिपोर्ट फसवतो. काही महिन्यांनी परत करायला लावली, तेव्हा कमतरता स्पष्ट दिसली. आता त्याच्या पाकिटात चिठ्ठी असते.

डॉ_ओपीडी

निमशहरी, हे फार नेमकं लिहिलंत. रक्त दिल्यानंतरही रिपोर्ट असाच फसवू शकतो, कारण मग मोजलं जातं ते दात्याच्या पेशींतलं एन्झाइम.

आपल्याकडे हा विषय परका नाही. पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते हे जुनं निरीक्षण आहे. भारतात सापडणाऱ्या तिच्या एका प्रकाराचं नावच 'केरळ-कल्याण' आहे, आपलं मध्य रेल्वेवरचं कल्याण. रक्ताच्या अशा विकारांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. साधी तपासणी मात्र बहुतेक मोठ्या लॅबमध्ये होते, परळपर्यंत जायची गरज नाही.

कमतरता निघाली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. काहींना आठवड्यातून एकदा, आठ आठवडे असा वेगळा हिशोब देता येतो, पण तो डॉक्टरांच्या नजरेखाली. स्वतः "रोज अर्धी घेऊन बघतो" असं करायचं नाही.

गोळी सुरू झाल्यावर लघवी गडद, डोळे पिवळे, धाप, ओठ निळसर, अचानक थकवा यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. टेस्ट नॉर्मल असली तरीही. उलट, थोडी मळमळ झाली किंवा पोटात कळ आली तर ते कोर्स सोडायचं कारण नव्हे. बहुतेक वेळा ती रिकाम्या पोटी घेतल्याची फळं असतात.

साबुदाणावडा

रिकाम्या पोटावरून विचारते. सासूबाईंना हेच औषध चालू आहे (टेस्ट करून, काळजी नसावी). येत्या हरतालिकेला त्या पाणीसुद्धा पीत नाहीत. एक दिवस गोळी चुकली तर काय बिघडतं?

डॉ_ओपीडी

बिघडतं असं की एक दिवस चुकवणारा दुसराही चुकवतो. हा माझा ओपीडीतला अनुभव, शास्त्र नव्हे. या औषधात एकूण किती पोटात गेलं याला महत्त्व आहे, म्हणून चुकलेला दिवस सोडून द्यायचा नाही. आठवेल तेव्हा त्या दिवसाची घ्यायची आणि कोर्स शेवटी एक दिवस लांबवायचा. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. एकापेक्षा जास्त दिवस चुकले तर डॉक्टरांना विचारा.

निर्जळीचं मात्र ऐका. मलेरियातून नुकत्या उठलेल्या बाईने दिवसभर पाणी न पिणं मला गोळीपेक्षा जास्त खटकतं. मधुमेह आहे का त्यांना?

साबुदाणावडा

आहे. साखरेची गोळी चालू आहे.

डॉ_ओपीडी

मग निर्जळी नकोच. क्लोरोक्विन आणि क्विनिन यांनी साखर खाली जाऊ शकते, आणि क्लोरोक्विन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, कोर्स संपल्यावरही राहतं. त्यात साखरेची गोळी आणि वर उपाशी पोट. घाम, थरथर, गरगरणं झालं तर "उपासाने होतं" म्हणून बसू नका, साखर तपासा. त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवा.

आजी_ऑनलाइन

मी पंच्याहत्तरीची, मला सासूबाईंच्या बाजूने बोलायचा अधिकार आहे. आजारी माणसाला उपास नाही, हे आमच्या आईनेही सांगितलं होतं. खिचडी खा, वर दूध प्या आणि गोळी घ्या. साबुदाण्याची खिचडी पोटात गेली म्हणजे पोट रिकामं नाही, इतकं सोपं आहे. महादेव काही रिपोर्ट मागत नाही.

केमिस्टकाका

आजी, दंडवत.

गल्ल्यामागे उभा राहून आयुष्य गेलं म्हणून थोडं माझं. क्लोरोक्विनच्या स्ट्रिपवर आकडा वाचताना लोक गडबडतात. २५० लिहिलेलं असतं ते क्लोरोक्विन फॉस्फेट. त्यातलं खरं औषध, ज्याला बेस म्हणतात, ते १५० मिलिग्रॅम. ५००च्या गोळीत बेस ३००. डॉक्टर हिशोब बेसवर करतात. मोठ्या माणसाला सहसा पहिल्या दिवशी ६०० बेस, दुसऱ्या दिवशी ६००, तिसऱ्या दिवशी ३००. म्हणजे २५०वाल्या गोळ्या चार, चार, दोन. ५००च्या असतील तर निम्म्या. गिऱ्हाईक घरी जुनी स्ट्रिप आहे म्हणून तीच काढतं आणि "चार म्हणालेत" म्हणून ५००च्या चार घेतं. हा दुप्पट डोस झाला, आणि क्लोरोक्विन जास्त झालं तर थेट हृदयावर जातं.

प्रायमाक्विनचंही तसंच. साडेसातची येते, पंधराची येते, अडीचचीही येते. पागोळीताई, स्ट्रिप हातात घेऊन आकडा वाचा आणि चिठ्ठीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर दुकानात परत जा, लाजायचं काही नाही.

दुसरं, सुटी गोळी देताना आम्ही स्ट्रिप कात्रीने कापतो. एक्सपायरी छापलेला तुकडा तुमच्याकडे आला तर बरं, नाहीतर बिलावर बॅच आणि तारीख असते. बिल फेकू नका. त्या कापलेल्या तुकड्यावर मार्करने तारखा घाला, प्रत्येक फुगीवर एक. मोबाइलचा गजर लोक झोपेत बंद करतात. तारीख घातलेली गोळी तशीच राहिली की आईला दिसते.

आणि अँटासिड. क्लोरोक्विनबरोबर पातळ अँटासिड घेतलं तर औषध अंगी लागत नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. तुमच्या भावाचं क्लोरोक्विन झालंय, पण डॉक्टरांना विचारा की त्या दिवसांत तो बाटली तोंडाला लावत होता, त्याचं काय.

पागोळी

बाप रे. लावत होता. विचारते.

गिरगाव_चौपाटी

पपईच्या पानांचा रस द्या, प्लेटलेट वाढतात. आमच्याकडे सगळ्यांना देतो.

डबलडेकर

आला, पपईवाला आला. दर पावसाळी धाग्यात येतो.

डॉ_ओपीडी

रस प्यायचा त्याने प्यावा, मलेरियाचा जंतू त्याने मरत नाही. आणि तो पिऊन उलटी झाली तर गोळीही बाहेर. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाली तर बहुतेक वेळा डोस परत द्यावा लागतो; फोन करून विचारायचं. पुन्हा पुन्हा उलटी होत असेल तर तोंडाने औषध चालणारच नाही, दवाखान्यातच जायला हवं.

तापावर पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको. मुंबईच्या पावसाळ्यात एकाच माणसात दोन आजार निघाल्याचे रिपोर्ट मी पाहिलेत.

कुर्ला_टर्मिनस

पाण्यातून चालत आल्यावर पालिकेच्या दवाखान्यात डॉक्सिसायक्लिन देतात. तेही मलेरियावर चालतं असं वाचलं. मग ते घेतलं असेल तर मलेरिया होणार नाही ना?

डॉ_ओपीडी

नाही हो. ते लेप्टोसाठी देतात, साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या वेगळ्याच तापासाठी. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन वापरतात ते रोज, आणि धोक्याच्या जागेतून परतल्यावरही चार आठवडे. एका डोसाने डास ओळख दाखवत नाही. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासायचंच.

लोअर_परळची_लीना

माझा प्रश्न दुसऱ्या मलेरियाचा. नवऱ्याला फाल्सिपॅरम निघाला. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन दिलंय, सहा डोस. पालिकेतून मैत्रिणीच्या घरी वेगळंच रंगीत पाकीट मिळालं होतं. कुणाचं बरोबर?

डॉ_ओपीडी

दोन्ही जोडऔषधंच आहेत. सरकारी पाकिटात आपल्याकडे आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन असतं, तीन दिवसांचं. रंग वयानुसार, मोठ्यांचं पांढरं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायला हवं. एका वयाचं पाकीट फोडून दुसऱ्याला द्यायचं नाही. नुसतं आर्टेसुनेट तोंडाने घ्यायचं नाही, तसल्या एकट्या गोळ्यांवर आपल्याकडे २००९ साली बंदी आली.

तुमच्या औषधाचं सांगते. पहिल्या डोसनंतर दुसरा आठ तासांनी. तो रात्री एक वाजता येत असेल तर एक वाजता उठा. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. ल्युमेफॅन्ट्रिन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतात. आजारी माणूस म्हणून आपण बिनतुपाची पेज देतो, इथे ते उलटं पडतं. साय असलेलं दूध, तूप घातलेला मऊ भात, जे खाववेल ते. नुसत्या काळ्या चहाबरोबर घेऊ नका.

हृदयाचा काही त्रास, ठोके चुकणं, ईसीजीत दोष, किंवा मानसिक आजाराच्या, ॲलर्जीच्या, उलटीच्या गोळ्या चालू असतील तर सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवा. काही औषधं एकत्र आली की हृदयाची लय बिघडू शकते. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणारेही सांगायचं विसरतात.

फाल्सिपॅरममध्ये असंबद्ध बोलणं, झटके, धाप, कावीळ, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं तर गोळीचा पुढचा डोस होईपर्यंत वाट बघायची नाही. तसाच उचलून हॉस्पिटलमध्ये.

लोअर_परळची_लीना

सकाळी चहा-टोस्टवर दिली होती. आता तूपभात. धन्यवाद.

डबलडेकर

माझ्या मेव्हण्याने औषध पूर्ण करून आठवड्याने कार्ड टेस्ट केली, परत पॉझिटिव्ह. घरात रडारड.

डॉ_ओपीडी

फाल्सिपॅरम होता का? कार्डवर जी रेघ उमटते ती जंतूच्या प्रथिनाची, आणि ते प्रथिन जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहू शकतं. बरं झालं का ते बघायला काचेवरचा स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पण औषध सुरू करून तिसऱ्या दिवसानंतरही ताप असेल तर स्मिअर आणि डॉक्टर, दोन्ही लगेच.

घर_तिथे_गर्भारपण

सातवा महिना आहे आणि व्हायवॅक्स निघालाय. क्लोरोक्विन दिलं, प्रायमाक्विन दिलं नाही. विसरले का?

डॉ_ओपीडी

विसरले नाहीत. गरोदरपणात प्रायमाक्विन देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाचं जी-सिक्स-पीडी आपल्याला ठाऊक नसतं. क्लोरोक्विन चालतं. यकृतातले जंतू तसेच राहतील, म्हणून मधे ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. बाळंतपणानंतर काय करायचं हे फाइलवर आत्ताच लिहून घ्या, तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नाही. बाळ अंगावर पीत असताना पुन्हा तोच प्रश्न येतो. लहान बाळांनाही हे औषध देत नाहीत.

केमिस्टकाका

बाळांवरून एक. क्लोरोक्विनच्या एक-दोन गोळ्यासुद्धा रांगत्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. गोळ्या पलंगाच्या कडेला, टीव्हीवर, पर्समध्ये ठेवू नका. वरच्या फळीवर डब्यात. आणि उरलेल्या गोळ्या "पुढच्या वेळी कामाला येतील" म्हणून जपू नका. पुढच्या वेळी कुठला मलेरिया असेल कुणास ठाऊक.

पागोळी

अपडेट. डॉक्टरांनी टेस्ट लिहून दिली, नॉर्मल आली. अँटासिडचं ऐकून त्यांनी स्मिअर परत करायला लावला, त्यात जंतू दिसला नाही. आज दुपारी वरणभात खाऊन पहिली गोळी गेली. चिठ्ठीत पंधरा आहे, स्ट्रिपवरही पंधरा. आईने स्वतः मार्करने तारखा घातल्यात. "गरम पडेल" मागे पडलंय, आता तिला तारखांची काळजी लागली.

पालिकेची बाई येऊन गेली, गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघितलं, घरात कुणाचं रक्त तपासायचंय का तेही विचारून गेली. टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं निघालं. डास स्वच्छ पाण्यात होतो हे तिने सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात उभं राहून ऐकवलं.

आता दोन प्रश्न. एक, गावी जाताना गाडीत त्याला घाटात हमखास उलटी होते. दुसरा, मंडळाच्या रक्तदान शिबिरात त्याने नाव दिलंय. ताप नाही, मग देऊ का, म्हणतोय.

केमिस्टकाका

गोळी गाडीत नकोच. रात्रीची गाडी असेल तर दुपारच्या जेवणावर घ्यायची आणि मग निघायचं. सकाळची असेल तर गावी पोचून जेवल्यावर. रोज साधारण एकच वेळ ठेवा, पण दोन-चार तास इकडेतिकडे झाले म्हणून बिघडत नाही. स्ट्रिप हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. गावी मेडिकल लांब असतं आणि प्रायमाक्विन प्रत्येक दुकानात नसतं. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

डॉ_ओपीडी

रक्तदान या वर्षी नाही. मलेरिया पूर्ण बरा झाल्यापासून तीन महिने रक्त देता येत नाही. शिबिराच्या फॉर्मवर मलेरियाचा प्रश्न असतो, तिथे खरं लिहायचं. नाव दिलंय म्हणून मंडळाची पोरं आग्रह करतील, त्यांना सरळ सांगा.

पागोळी

सांगितलं. त्याला प्रसाद वाटपाला लावलाय.